स्कॅनमध्ये गाठ संपते, तिथे कॅन्सरही संपतो का? पेशींच्या घुसखोरीमागचं गणित

जुलै २०१७. अमेरिकेचे सिनेटर जॉन मॅकेन यांच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या बाजूला साकळलेलं रक्त काढण्यासाठी फिनिक्स शहरातल्या मेयो क्लिनिकमध्ये शस्त्रक्रिया झाली. तपासणीत तिथे ग्लिओब्लास्टोमा हा मेंदूचा कॅन्सर असल्याचं समजलं. शस्त्रक्रियेनंतरच्या स्कॅननुसार संशयास्पद भाग पूर्ण निघाला आहे, असं हॉस्पिटलनं जाहीर केलं. पुढे रेडिएशन आणि केमोथेरपीही झाली. तरीही २५ ऑगस्ट २०१८ रोजी, म्हणजे साधारण १३ महिन्यांनी, मॅकेन यांचं निधन झालं.

अशी बातमी वाचली की एक प्रश्न हमखास पडतो. गाठ पूर्ण काढली होती, मग आजार परत कसा आला?

या प्रश्नाचं उत्तर शोधणाऱ्यांमध्ये डॉक्टरांसोबत गणितज्ञही आहेत. कॅन्सरच्या पेशी आजूबाजूच्या निरोगी भागात किती वेगानं आणि किती लांबवर घुसतात, याची समीकरणं मांडणारी एक ज्ञानशाखा गेल्या तीन दशकांत उभी राहिली आहे. हे गणित नेमकं काय सांगतं, त्याचा रुग्णाला काय उपयोग आणि ते कुठे कमी पडतं, हे समजून घेऊया.

ग्लिओब्लास्टोमा एवढा अवघड का?

मेंदूत चेतापेशींना आधार देणाऱ्या, त्यांची देखभाल करणाऱ्या पेशी असतात. त्यांना ग्लिया म्हणतात. या प्रकारच्या पेशींशी नातं सांगणारा कॅन्सर म्हणजे ग्लिओमा. ग्लिओमाचे सौम्य ते उग्र असे प्रकार आहेत. ग्लिओब्लास्टोमा हा त्यातला सगळ्यात उग्र, चौथ्या श्रेणीचा प्रकार.

अमेरिकेत दरवर्षी एक लाख लोकांमागे साधारण तीन जणांना हा आजार होतो. म्हणजे तो दुर्मीळ आहे. पण झाला की हाताशी वेळ कमी असतो. आज जगभर वापरली जाणारी उपचारपद्धत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५७३ रुग्णांच्या एका मोठ्या चाचणीतून ठरली. आधी शस्त्रक्रिया, मग रेडिएशन आणि त्याच्या जोडीला टेमोझोलोमाइड हे औषध. नुसतं रेडिएशन मिळालेल्या गटात निम्मे रुग्ण १२.१ महिन्यांपेक्षा जास्त जगले. औषधही मिळालेल्या गटात हा आकडा १४.६ महिने होता. दोन वर्षांनंतर हयात असलेल्यांचं प्रमाण १०.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं. ही मोठी प्रगती मानली गेली. आजार किती चिवट आहे, हेही त्यातूनच कळतं.

गंमत अशी की, हा कॅन्सर शरीरात इतरत्र सहसा जात नाही. फुफ्फुस, यकृत किंवा हाडांमध्ये तो पसरल्याची उदाहरणं फार थोडी आहेत. त्याचा सगळा खेळ मेंदूच्या आतच चालतो, शेजारच्या ऊतींमध्ये हळूहळू शिरत.

याचा अनुभव डॉक्टरांना जवळपास शंभर वर्षांपूर्वीच आला होता. अमेरिकेतले प्रसिद्ध न्यूरोसर्जन वॉल्टर डँडी यांनी १९२८ मध्ये एक टोकाचा उपाय प्रसिद्ध केला. काही रुग्णांच्या मेंदूचा उजवा अर्धा भागच त्यांनी काढून टाकला. हे असे रुग्ण होते, ज्यांची शरीराची डावी बाजू आधीच लुळी पडली होती. अर्धा मेंदू काढल्यावर तरी कॅन्सर संपेल, अशी आशा होती. पण तसं झालं नाही. या मार्गानं आजार बरा करता आला नाही, कारण पेशी त्याआधीच पलीकडे पोहोचू शकतात.

पेशी घुसते म्हणजे नेमकं काय करते?

शरीरातली साधी पेशी आपली जागा सोडत नाही. ती शेजारच्या पेशींना चिकटलेली असते. पेशींच्या भोवती प्रथिनं आणि शर्करा-रेणूंची एक जाळी असते. तिलाही पेशी धरून असते. शरीराकडून संदेश आला की विभागणी, नाहीतर आहे तिथे काम, असा तिचा दिनक्रम असतो.

कॅन्सरच्या पेशी हे नियम मोडतात. त्या तीन गोष्टी करतात:

- शेजारच्या पेशींवरची पकड सैल करतात.
- भोवतालची जाळी कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, सोडतात आणि वाट मोकळी करतात.
- त्या वाटेनं सरपटत पुढे जातात.

मेंदूत त्यांना काही तयार रस्तेही मिळतात. चेतापेशींच्या लांबलचक तंतूंचे जुडगे ज्या भागात असतात त्याला व्हाइट मॅटर म्हणतात. या तंतूंच्या कडेनं आणि रक्तवाहिन्यांच्या बाहेरच्या पृष्ठभागावरून ग्लिओमाच्या पेशी प्रवास करतात. मेंदूच्या दोन अर्ध्या भागांना जोडणारा तंतूंचा एक जाड पट्टा असतो. काही रुग्णांत गाठ या पट्ट्यातून पलीकडे जाते आणि स्कॅनमध्ये फुलपाखरासारखी दिसते. डॉक्टर तिला 'बटरफ्लाय ग्लिओमा' म्हणतात.

आता अडचण लक्षात घ्या. दाटीवाटीनं असलेल्या पेशी स्कॅनमध्ये गाठ म्हणून दिसतात. पण निरोगी पेशींमध्ये एकेकट्या विखुरलेल्या पेशी दिसत नाहीत. म्हणजे स्कॅनमधली गाठीची कड म्हणजे कॅन्सरची कड नव्हे. पेशींची दाटी यंत्राला दिसण्याइतकी जिथपर्यंत आहे, तिथपर्यंतची ती रेघ आहे.

मग रेघेच्या पलीकडे किती पेशी आहेत? त्या दिसत नाहीत, त्यामुळे मोजता येत नाहीत. इथे गणित कामाला येतं.

समीकरण आलं कुठून?

गंमत म्हणजे, हे समीकरण कॅन्सरसाठी तयारच झालं नव्हतं.

१९३७ मध्ये ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर एका वेगळ्याच प्रश्नावर काम करत होते. समजा, समुद्रकिनाऱ्यालगत राहणाऱ्या एखाद्या प्राण्याच्या समूहात एक फायद्याचा जनुक तयार झाला. तो किनाऱ्यालगत किती वेगानं पसरेल? त्याच वर्षी मॉस्कोमध्ये आंद्रेई कोल्मोगोरोव्ह, इव्हान पेत्रोव्स्की आणि निकोलाय पिस्कुनोव्ह या गणितज्ञांनी याच प्रकारच्या समीकरणाचा सखोल अभ्यास प्रसिद्ध केला. त्यामुळे आज हे समीकरण या चौघांच्याही नावानं ओळखलं जातं.

पुढे १९५१ मध्ये जॉन स्केलम यांनी हाच विचार परक्या भूमीत पसरणाऱ्या प्राण्यांना लावला. मस्करॅट हा पाणथळ जागी राहणारा, उंदरासारखा कुरतडणारा प्राणी मूळचा उत्तर अमेरिकेतला. १९०५ मध्ये त्यातले मोजकेच प्राणी युरोपात, प्रागजवळ सोडले गेले होते. त्यांनी व्यापलेला प्रदेश वर्षागणिक नकाशावर मांडला, तेव्हा त्याची सीमा जवळपास एकसारख्या वेगानं बाहेर सरकताना दिसली.

महाराष्ट्राला अशी गोष्ट नवी नाही. गाजरगवत, ज्याला अनेक जण काँग्रेस गवत म्हणतात, ते मूळचं अमेरिका खंडातलं. भारतात १९५० च्या दशकाच्या मध्यात त्याची नोंद पुण्यात झाली आणि पुढे ते देशभर पसरलं. ज्यानं शेताच्या बांधावरचं गाजरगवत उपटलंय त्याला माहीत असतं की, दिसणारी झाडं काढली म्हणजे काम संपत नाही. बी आधीच आजूबाजूला पडलेलं असतं.

जनुक असो, प्राणी असो, तण असो की कॅन्सरची पेशी, गणिताच्या नजरेतून दोनच गोष्टी घडत असतात. ते इकडेतिकडे पसरतं आणि आहे तिथे वाढतं.

दोन भागांचं समीकरण, सोप्या शब्दांत

हे मॉडेल शब्दांत असं लिहिता येईल:

पेशींच्या दाटीत होणारा बदल = पसरण्यामुळे होणारा बदल + विभागणीमुळे होणारी वाढ

पहिला भाग समजायला उदबत्ती आठवा. देवघरात लावलेल्या उदबत्तीचा वास आधी जवळ येतो, मग हळूहळू घरभर पसरतो. वासाच्या कणांना कुठे जायचं हे ठाऊक नसतं. ते कुठल्याही दिशेला भरकटतात, तरी एकूण परिणाम म्हणून दाटीकडून विरळ भागाकडे पसरतात. याला विसरण म्हणतात. पेशी किती भरकटतात हे सांगणारा आकडा म्हणजे पसरण्याचा दर.

दुसरा भाग विभागणीचा. एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार. पण जागा आणि पोषण मर्यादित असतं. त्यामुळे दाटी एका मर्यादेला पोहोचली की वाढ थांबते. हा वाढीचा दर.

आता खरी गोष्ट. नुसतं पसरणं असेल तर वेग कालांतरानं मंदावतो. उदबत्तीचा वास लांब जाता जाता फिका पडतो. नुसती वाढ असेल तर गर्दी आहे तिथेच होते. पण दोन्ही एकत्र आले की वेगळंच घडतं. भरकटत पुढे गेलेली पेशी तिथे वाढते, तिची पिल्लावळ आणखी पुढे भरकटते आणि पुढे सरकणारी एक लाट तयार होते. ही लाट काही काळानं ठरावीक वेग पकडते. तो असा:

लाटेचा वेग = २ × √(पसरण्याचा दर × वाढीचा दर)

म्हणजे या मॉडेलप्रमाणे गाठीची त्रिज्या दरवर्षी साधारण तेवढ्याच मिलिमीटरनं वाढायला हवी. प्रत्यक्षात असं दिसतं का? फ्रान्समधल्या संशोधकांनी २००३ मध्ये दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे सावकाश वाढणाऱ्या ग्लिओमाच्या २७ रुग्णांचे, उपचारांआधीच्या काळातले स्कॅन तपासले. गाठीचा सरासरी व्यास वर्षाला साधारण ४ मिलिमीटर या दरानं, जवळपास सरळ रेषेत वाढत होता. वरवर 'स्थिर' वाटणारी गाठही सतत सरकत होती.

एकच वेग, पण दोन वेगळे आजार

या मॉडेलचं सगळ्यात महत्त्वाचं म्हणणं इथे आहे. त्यासाठी दोन काल्पनिक गाठी घेऊ. आकडे हिशेब सोपा व्हावा म्हणून निवडलेले आहेत.

गाठ 'अ': पसरण्याचा दर वर्षाला ३६ चौरस मिलिमीटर, वाढीचा दर वर्षाला ४.
गाठ 'ब': पसरण्याचा दर वर्षाला ४ चौरस मिलिमीटर, वाढीचा दर वर्षाला ३६.

दोन्हींचा गुणाकार १४४. वर्गमूळ १२. त्याची दुप्पट २४. म्हणजे दोन्ही गाठींची कड वर्षाला २४ मिलिमीटर, महिन्याला २ मिलिमीटर या वेगानं सरकणार. दर दोन महिन्यांनी स्कॅन काढला, तर दोन्ही गाठी सारख्याच वाढताना दिसतील.

पण आतून त्या अगदी वेगळ्या आहेत. मोकळी जागा असेल तर 'अ' मधल्या पेशींना दुप्पट व्हायला साधारण दोन महिने लागतात, मात्र त्या खूप भटकतात. 'ब' मधल्या पेशी आठवडाभरात दुप्पट होतात, पण जागा फारशी सोडत नाहीत.

फरक कडेच्या पलीकडे दिसतो. गाठीबाहेर पेशींची दाटी किती चटकन कमी होते, हे दोन दरांच्या भागाकारावर अवलंबून असतं. ढोबळ हिशेब केला तर 'अ' मध्ये बाहेर जाताना दर ७ मिलिमीटरला दाटी आधीच्या एक दशांश होते. 'ब' मध्ये त्यासाठी एक मिलिमीटरही लागत नाही.

आता स्कॅनमधल्या कडेपासून २ सेंटिमीटर बाहेर जाऊ. गाठीच्या आत एका घन सेंटिमीटरमध्ये १० कोटी पेशी आहेत असं धरलं, तर 'अ' गाठीच्या बाहेर २ सेंटिमीटरवर एका घन सेंटिमीटरमध्ये अजूनही साधारण एक लाख कॅन्सरच्या पेशी असतील. हे प्रमाण हजारात एक एवढं. कुठल्याही स्कॅनमध्ये ते दिसणार नाही. 'ब' गाठीच्या बाहेर त्याच अंतरावर हिशेबानं जवळपास शून्य.

म्हणजे 'गाठ पूर्ण काढली' हे वाक्य दोन रुग्णांसाठी दोन वेगळ्या गोष्टी सांगू शकतं.

हे दर रुग्णाच्या डोक्यात कसे मोजायचे?

जिवंत माणसाच्या मेंदूतल्या पेशी मोजत बसणं शक्य नाही. त्यामुळे संशोधकांनी एमआरआयचाच आधार घेतला.

या कामात गणितज्ञ जेम्स मरे यांचं नाव आधी येतं. १९८९ मध्ये आलेलं त्यांचं 'मॅथेमॅटिकल बायॉलॉजी' हे पुस्तक या विषयातलं प्रमुख पाठ्यपुस्तक मानलं जातं. १९९५ मध्ये मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्लिओमाच्या एका रुग्णाच्या सीटी स्कॅनच्या मालिकेवर हे मॉडेल लावून पाहिलं. पुढे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात क्रिस्टिन स्वॅन्सन, मेंदूविकारतज्ज्ञ एल्सवर्थ अल्व्होर्ड आणि मरे यांनी ते पुढे नेलं. २००० मध्ये त्यांनी मेंदूच्या खऱ्या रचनेचा नकाशा मॉडेलमध्ये आणला. ग्रे मॅटरपेक्षा व्हाइट मॅटरमध्ये पेशी जास्त वेगानं सरकतात, ही बाब त्यात धरली होती. स्वॅन्सन आता मेयो क्लिनिकमध्ये संशोधन करतात.

त्यांची युक्ती अशी. एमआरआयमध्ये गाठीची दोन वेगळी चित्रं मिळतात. एक, शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन काढलेलं. त्यात गाठीचा दाट भाग उजळतो. दुसरं, सूज दाखवणारं, टी-२ नावाचं. त्यात कमी दाटीचा, जास्त पसरलेला भागही दिसतो. पहिल्या चित्राची कड म्हणजे पेशींची दाटी कमाल मर्यादेच्या ८० टक्के, दुसऱ्याची कड म्हणजे १६ टक्के, असं या गटानं गृहीत धरलं.

दोन कडांमध्ये अंतर जास्त असेल, तर दाटी हळूहळू कमी होत्येय, म्हणजे गाठ 'अ' सारखी. अंतर कमी असेल, तर 'ब' सारखी. यातून दोन दरांचा भागाकार कळतो. उपचारांआधी थोड्या दिवसांच्या अंतरानं दोन एमआरआय झालेले असतील, तर कडेचा वेग कळतो आणि त्यातून दोन दरांचा गुणाकार. भागाकार आणि गुणाकार दोन्ही मिळाले की दोन्ही दर वेगळे काढता येतात. शाळेत शिकलेली दोन समीकरणं, दोन अज्ञात संख्या.

याचा रुग्णाला उपयोग काय?

*शस्त्रक्रिया:* गाठ किती विखुरलेली आहे हे आधी कळलं, तर शस्त्रक्रियेचा फायदा किती होईल याचा अंदाज येऊ शकतो. स्वॅन्सन यांच्या गटानं २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, कमी विखुरलेल्या गाठी असलेल्या रुग्णांना गाठ पूर्ण काढल्याचा जास्त फायदा झालेला दिसला. मेंदूत प्रत्येक मिलिमीटरला किंमत असते. बोलणं, हालचाल, आठवणी पणाला लागलेल्या असतात. त्यामुळे किती काढायचं, हा निर्णय सोपा नसतो.

*रेडिएशन:* ग्लिओब्लास्टोमासाठी साधारणपणे सहा आठवड्यांत ३० वेळा मिळून ६० ग्रे एवढं रेडिएशन दिलं जातं. दिसणाऱ्या गाठीभोवती साधारण दीड ते दोन सेंटिमीटरचा पट्टाही त्यात घेतला जातो, लपलेल्या पेशींसाठी. हा पट्टा बहुतेक रुग्णांना जवळपास सारखाच असतो. मॉडेल सांगतं की काहींना तो अपुरा पडत असेल, तर काहींच्या निरोगी मेंदूला विनाकारण रेडिएशन मिळत असेल. व्हाइट मॅटरच्या तंतूंच्या दिशेनं पट्टा रुंद आणि बाकी ठिकाणी अरुंद ठेवावा का, यावर संशोधन सुरू आहे.

*उपचार लागू पडतोय का?:* सावकाश वाढणाऱ्या गाठीत उपचारानंतर थोडा फरक दिसला आणि वेगानं वाढणाऱ्या गाठीतही तेवढाच दिसला, तर दोन्हींचा अर्थ एक नसतो. म्हणून संशोधकांनी २०१३ मध्ये 'मिळालेले दिवस' नावाची मोजपट्टी मांडली. उपचार झालेच नसते तर आज गाठ केवढी असती, हे मॉडेल सांगतं. खरी गाठ त्या मानानं किती दिवस मागे आहे, तेवढे दिवस उपचारांनी मिळवून दिले. रुग्णाची तुलना त्याच्याच काल्पनिक, उपचार न झालेल्या रूपाशी होते.

इतर मॉडेल्स काय सांगतात?

पसरणं आणि वाढणं एवढ्यावरच हा विषय थांबत नाही. पेशी वाट कशी काढतात, यावरही मॉडेल्स आहेत.

१९९६ मध्ये रॉबर्ट गेटनबी आणि एडवर्ड गॉलिन्स्की यांनी आम्लाचं मॉडेल मांडलं. कॅन्सरच्या अनेक पेशी साखर वेगळ्या पद्धतीनं वापरतात आणि त्यात आम्ल तयार होतं. हे आम्ल गाठीबाहेर झिरपतं, शेजारच्या निरोगी पेशी त्यानं मरतात आणि कॅन्सरला जागा मिळते, असं ते मॉडेल सांगतं. त्यातून एक भाकीतही निघालं. गाठ आणि निरोगी भाग यांच्यामध्ये कधी कधी पेशीच नसलेली एक फट दिसायला हवी. संशोधकांनी गाठींचे नमुने तपासले, तेव्हा काहींमध्ये अशी फट आढळली.

इथे एक सावधगिरीची सूचना. 'कॅन्सर आम्लात वाढतो, म्हणून बेकिंग सोडा किंवा अल्कलाइन पाणी प्या' असे मेसेज सोशल मीडियावर फिरत असतात. आम्लाचा हा परिणाम गाठीच्या अगदी शेजारच्या भागापुरता असतो. रक्ताचा पीएच शरीर ७.३५ ते ७.४५ या अरुंद पट्ट्यात राखतं, पाणी पिऊन तो बदलत नाही. उंदरांवरच्या काही प्रयोगांत सोड्याचा परिणाम दिसला होता, पण माणसांमध्ये असा उपाय कॅन्सरवर उपचार म्हणून सिद्ध झालेला नाही. जास्त सोडा घेणं धोक्याचंही ठरू शकतं.

दुसऱ्या प्रकारच्या मॉडेल्समध्ये संगणकात प्रत्येक पेशी स्वतंत्रपणे चालवली जाते. तिला नियम दिले जातात: जाळी काप, पुढे सरक, जागा मिळाली तर विभागणी कर. अलेक्झांडर अँडरसन आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये अशा मॉडेलमधून दाखवलं की, ऑक्सिजनची टंचाई असलेल्या, खडतर परिस्थितीत गाठीला बोटांसारखे फाटे फुटतात आणि जास्त आक्रमक पेशी टिकतात. परिस्थिती सौम्य असेल तर गाठीची कड गुळगुळीत राहते.

मुंबईच्या आयआयटीतल्या संशोधकांनीही २०१६ मध्ये अशा मॉडेलवर आधारित अभ्यास प्रसिद्ध केला. पेशींच्या भोवतालची जाळी किती घट्ट आहे आणि तिचे तंतू कसे रचलेले आहेत, यावर पेशींचा घोळका कसा आत शिरतो, हे त्यात तपासलं होतं. म्हणजे घुसखोरी पेशीच्या स्वभावावर अवलंबून असते, तशीच आजूबाजूच्या 'जमिनी'वरही.

मॉडेल कुठे कमी पडतं?

कुठलंही मॉडेल म्हणजे खऱ्या गोष्टीचं सोपं केलेलं चित्र. या चित्रात बऱ्याच गोष्टी सुटतात.

- गाठीतल्या सगळ्या पेशी सारख्याच आहेत असं साधं मॉडेल धरतं. प्रत्यक्षात एकाच गाठीत वेगवेगळ्या स्वभावाच्या पेशी असतात. काही प्रयोगांनुसार एकच पेशी कधी भटकते, कधी विभागते, पण दोन्ही एकाच वेळी करणं टाळते.
- टी-२ चित्रात दिसणारा सगळा भाग कॅन्सरचा नसतो. त्यात नुसती सूजही असते. त्यामुळे ८० आणि १६ टक्के हे गृहीतक प्रत्येक रुग्णाला तंतोतंत लागू पडेलच असं नाही.
- उपचारांआधी दोन एमआरआय हवेत. पण ग्लिओब्लास्टोमाचं निदान झाल्यावर शस्त्रक्रिया लवकर करावी लागते. केवळ गणितासाठी थांबता येत नाही.
- सलग सरकणारी लाट लांब उड्या पकडत नाही. गाजरगवताचं बी ट्रकला चिकटून शंभर किलोमीटर जातं, तेव्हा साधं समीकरण चुकतं. तसंच रक्तातून दुसऱ्या अवयवात जाणाऱ्या कॅन्सरसाठी वेगळी मॉडेल्स लागतात.

या कारणांमुळे ही पद्धत अजून नेहमीच्या उपचारांचा भाग झालेली नाही. ती संशोधनाच्या टप्प्यावर आहे. ग्लिओब्लास्टोमा त्यामुळे बरा होतो, असा दावाही कुणी करत नाही.

मग सामान्य माणसानं यातून काय घ्यायचं?

घरात कुणाला असा आजार झाला की रिपोर्टमधल्या एकेका शब्दावर सगळ्यांची आशा टांगलेली असते. 'पूर्ण काढली' हा त्यातला सगळ्यात मोठा शब्द. त्याचा खरा अर्थ असा: जेवढं दिसत होतं, तेवढं काढलं. म्हणूनच स्कॅन स्वच्छ दिसत असतानाही डॉक्टर रेडिएशन आणि औषधं घ्यायला सांगतात. ते उपचार न दिसणाऱ्या पेशींसाठी असतात. 'आता गाठच नाही, तर मग हे कशाला?' म्हणून ते मध्येच सोडणं नुकसानीचं ठरू शकतं.

आजार परत आला, तर अनेक कुटुंबं स्वतःला किंवा डॉक्टरांना दोष देतात. ऑपरेशन नीट झालं नसेल, आपण उशीर केला असेल, खाण्यापिण्यात चूक झाली असेल. गणित इथे एक वेगळी गोष्ट सांगतं. 'अ' सारख्या गाठीत, निदान झालं त्या दिवशीच पेशी कडेच्या कित्येक सेंटिमीटर पलीकडे गेलेल्या असू शकतात. सर्जन कितीही कुशल असला, तरी तो दिसणारी गाठच काढू शकतो.

डॉक्टरांना मात्र काही प्रश्न जरूर विचारता येतात. गाठ एका जागी आहे की विखुरलेली वाटते? शस्त्रक्रियेनंतरच्या स्कॅनमध्ये सूज दाखवणाऱ्या चित्रात काय दिसतंय? रेडिएशनचा पट्टा किती आणि का? पुढचा एमआरआय कधी आणि त्यात काय पाहणार? आणि जुने सगळे स्कॅन तारखेनुसार जपून ठेवा. एकच स्कॅन फक्त आजची स्थिती सांगतो. गाठ कोणत्या वेगानं सरकत्येय, हे कळायला आधीचा स्कॅन शेजारी ठेवावा लागतो.